जुन्या ‘शी’ची पारख

नॉर्वेत बर्फावरून घसरत चालायच्या लांब फळ्यांना लिहितात ‘स्की’, पण म्हणतात ‘शी’. मुलांच्या दादीला फोनवर हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “शी? हे काय नाव झालं?” त्या दिवसापासून आमच्या घरात स्कीला ‘दादीची शी’ म्हणतात.

आम्ही नवरा-बायको मूळचे कोकणातले. नोकरीच्या निमित्ताने ऑस्लोत आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. थोरला मुलगा तेरा वर्षांचा, धाकटी नऊची. इथल्या शाळांत हिवाळ्यात एक दिवस स्कीचा असतो. त्या दिवशी अख्खी शाळा बर्फात. ज्या मुलांकडे स्की नाही ती घसरगुंडीची फळी घेऊन टेकडीवर जातात. आमचा थोरला सलग दोन वर्षं त्या टेकडीवर गेला. तिसऱ्या वर्षी त्या दिवशी सकाळी म्हणाला, “अम्मी, पोट दुखतंय.” पोट दुखत नव्हतं, हे आम्हाला कळत होतं.

हा लेख त्यानंतरचा आहे. आपली कितीतरी मुलं-मुली आता नॉर्वे, स्वीडन, कॅनडा अशा थंड देशांत शिकायला, नोकरीला जातात. तिथे नव्या वस्तूंचे भाव ऐकून जीव दडपतो आणि जुन्या वस्तूंचा बाजार बोलावतो. त्या बाजारात आम्ही काय चुकलो आणि मग काय शिकलो, ते त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहीत आहोत.

दोनशे क्रोनरची खरेदी

शरद ऋतूत इथे शाळांच्या सभागृहांत जुन्या सामानाचा बाजार भरतो. मुलं वाढतात, बूट लहान होतात, फळ्या अपुऱ्या पडतात. मग एकाचं दुसऱ्याकडे जातं. नवा संच घ्यायचा तर हजारो क्रोनर लागतात. तिथे आम्हाला दोन जोड्या मिळाल्या, एक थोरल्यासाठी आणि एक अब्बांसाठी. एकेक जोडी दोनशे क्रोनरला, म्हणजे तेव्हाचे आपले साधारण दीड हजार रुपये धरा. विकणाऱ्याने सांगितलं, “या डोंगरातल्या स्की आहेत, कुठेही जातील.” आम्ही खूश झालो. रंग पाहिला, लांबी पाहिली, पैसे दिले. बाकी काही पाहिलं नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी बापलेक दोघे निघाले. ऑस्लोच्या उत्तरेला नूरमार्का नावाचं मोठं जंगल आहे. शहराच्या मेट्रोने सोग्नस्वान तलावापर्यंत जायचं आणि उतरल्यावर थोडं चाललं की जंगल सुरू. यंत्राने दाबून तयार केलेल्या वाटा तिथे भरपूर आहेत, काहींवर रात्री दिवेही असतात. पण ‘कुठेही जातील’ हे डोक्यात बसलेलं. तयार वाट सोडून दोघे एका अरुंद, न दाबलेल्या वाटेने आत शिरले.

सव्वादोनच्या सुमारास थोरल्याच्या उजव्या फळीवरचं बाइंडिंग, म्हणजे बूट जिथे अडकतो तो लोखंडी भाग, स्क्रूंसकट उपटून आला. थंडी उणे अकरा. मोबाइल थंडीने बंद पडला. जानेवारीच्या मध्याला ऑस्लोत पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. फळ्यांशिवाय पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत बर्फात.

एकच गोष्ट नशिबाने जमून आली. दोन्ही जोड्यांची बाइंडिंगं एकाच जुन्या पद्धतीची होती, त्यामुळे अब्बांच्या फळ्यांवर थोरल्याचे बूट बसले. मुलगा फळ्यांवर पुढे आणि बाप बर्फ तुडवत मागे, असे दोन किलोमीटर कापायला दीड तासाच्या वर लागला. घरी आम्ही खिडकीशी उभे. असर तिथेच एका झाडाखाली जॅकेट अंथरून झाली. दिव्यांच्या वाटेवर पोहोचले तेव्हा अंधारलं होतं. अल्हम्दुलिल्लाह, दोघे सुखरूप आले. बोटं सुन्न झाली होती, पण काही गमावलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांनी ती फळी हातात घेतली. लहानपणापासून बर्फावर चाललेले गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, “विकत घेताना बाइंडिंग हलवून पाहिलं होतं का?” आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मुलांचे नाना श्रीवर्धनला जुन्या होड्यांच्या व्यवहारात असत. होडी घेण्याआधी ते एकेक फळी बोटाच्या पेराने वाजवून बघत, सांध्यात सुरीचं टोक घालून बघत. रंगाकडे शेवटी पाहत. त्याच घरची माणसं आम्ही, आणि जुनी वस्तू नुसता रंग पाहून घेतली.

कोणती स्की कोणत्या कामाची

उंच डोंगरावरून वेगात खाली यायच्या स्की वेगळ्या. त्यांत टाच फळीला घट्ट बांधलेली असते. नॉर्डिक स्कीत फक्त बुटाचं टोक अडकतं, टाच मोकळी राहते; म्हणून चालता येतं, चढता येतं. नॉर्डिकमध्येही दोन भाग. तयार वाटेवरच्या स्की अरुंद आणि हलक्या असतात. न दाबलेल्या बर्फावर, रानात, डोंगरपठारावर जायच्या स्की थोड्या रुंद आणि जड असतात. त्यांनाच बॅककंट्री स्की म्हणतात. नॉर्वेजियन लोक ‘फ्येलशी’ म्हणजे डोंगराची शी म्हणतात.

ओळखायची सोपी खूण म्हणजे तळाच्या दोन्ही कडांना बसवलेली पोलादी पट्टी. गोठलेल्या कडक उतारावर ती कड चावते आणि फळी सरकत नाही. बहुतेक डोंगरी स्कींना ती पूर्ण लांबीची असते, काहींना फक्त मधल्या भागात. दुसरी खूण आकाराची. फळी पुढे रुंद, मध्ये बारीक, मागे पुन्हा रुंद असते. पुष्कळदा फळीवर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ६२-५२-६०. ती या तीन जागांची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मधला आकडा पन्नासच्या आत असेल तर ती बहुधा वाटेवरची स्की. लांबीही शेपटीजवळ सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते.

पण उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं. फळी जमिनीवर ठेवली की मध्ये कमानीसारखी उचललेली दिसते. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना ही कमान थोडी उघडी राहायला हवी म्हणजे फळी घसरते. एका पायावर पूर्ण वजन टाकलं की ती दबायला हवी म्हणजे मधला भाग बर्फाला धरतो आणि पुढे ढकलता येतं. माणूस हलका आणि कमान कडक असेल तर चढावर पाय मागे सरकत राहतो. माणूस जड आणि कमान मऊ असेल तर फळी सतत घासते, पुढे जातच नाही.

याची परीक्षा घरातल्या फरशीवर होते. दोन्ही फळ्यांवर उभे राहा आणि दुसऱ्या माणसाला पावलाखालून कागद सरकवायला सांगा. दोन्ही पायांवर वजन असताना कागद पुढे-मागे सरकला पाहिजे. एका पायावर उभं राहिल्यावर अडकला पाहिजे. शिवाय दोन फळ्यांचे तळ एकमेकांना लावून धरा. मध्ये फट दिसत नसेल तर कमान बसलेली आहे, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

आधी बूट, मग फळी

आमची सगळ्यात मोठी शिकवण हीच. फळ्या जुन्या चालतात. बूट मात्र पायाला नीट बसणारे हवेत, जमल्यास नवे. बूट निश्चित झाले की बाइंडिंगची पद्धत ठरते आणि मग त्या पद्धतीची फळी शोधायची. उलट केलं तर स्वस्त फळीसाठी महाग बूट शोधत फिरावं लागतं.

जुन्या बाजारात मुख्यतः तीन पद्धती दिसतात. पहिली पंचाहत्तर मिलिमीटरची. बुटाच्या पुढे बदकाच्या चोचीसारखा चपटा तळवा येतो, त्याला खालून तीन भोकं. बाइंडिंगवर तीन खिळे, वरून तारेची कमान दाबून बसते. नॉर्वेच्या ब्रॉर व्हिथ यांनी १९२७ च्या सुमारास अशा बाइंडिंगला ‘रोट्टेफेल्ला’ म्हणजे उंदराचा सापळा हे नाव दिलं. हे नाव आजही कंपनी म्हणून चालतं. ही पद्धत जुनी पण मजबूत, आणि एकाचे बूट दुसऱ्याच्या बाइंडिंगवर सहसा बसतात. त्या शनिवारी आमच्या उपयोगी पडलं ते हेच. मात्र यात डावी-उजवी फळी वेगळी असते, ते पाहून घ्यावं.

दुसरी एनएनएन-बीसी. बुटाच्या टोकाखाली एक आडवी लोखंडी दांडी असते, ती बाइंडिंगच्या खाचेत अडकते. तयार वाटेवरच्या साध्या एनएनएन बुटालाही दांडी असते, पण ती अरुंद आणि बारीक. दोन्ही दिसायला सारखी, एकमेकांत बसत नाहीत. नवखा माणूस इथे हमखास फसतो. तिसरी सॉलोमन कंपनीची जुनी बॅककंट्री पद्धत. तिचं उत्पादन बंद झालं आहे, त्यामुळे फळी मिळाली तरी बूट मिळणं कठीण. अलीकडे एक्सप्लोर नावाची नवी पद्धतही आली आहे, पण जुन्या बाजारात ती क्वचित दिसते. म्हणून खरेदीला जाताना बूट पिशवीत घेऊन जावेत आणि जागेवरच अडकवून पाहावेत.

जुने बूट घ्यायचेच असतील तर तळवा दोन्ही हातांनी वाकवून पाहा. पुष्कळ वर्षं पडून राहिलेल्या बुटांचा कृत्रिम तळवा बाहेरून धड दिसतो आणि पहिल्याच फेरीत भुसभुशीत होऊन तुटतो. तीन भोकांच्या बुटात भोकं गोल आहेत की झिजून लांबट झाली आहेत तेही पाहा. जाड लोकरी मोजा घालून बूट चढवा. टाच उचलली जाऊ नये आणि बोटं हलायला जागा हवी, घट्ट बुटात पाय आधी गारठतो.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. जुन्या चामडी बुटांचं अस्तर किंवा हातमोजे कधीकधी डुकराच्या कातड्याचे असतात. त्यावर केसांची बारीक छिद्रं तीन-तीनच्या झुबक्यात दिसतात. शंका असेल तर विचारावं, नाही तर सोडून द्यावं. कृत्रिम अस्तराचे बूट भरपूर मिळतात.

फळीची तपासणी

शेजारच्या आजोबांनी आम्हाला गॅरेजमध्ये उभं करून शिकवलेला क्रम असा:

पहिलं, बाइंडिंग. दोन्ही हातांनी धरून जोर लावून हलवा. किंचितही डुगडुगलं तर भोकं सैल झाली आहेत किंवा आत पाणी मुरलं आहे. आजूबाजूला जुनी बुजवलेली भोकं किती आहेत तेही मोजा. बाइंडिंग अनेकदा बदललं असेल तर लाकूड कमजोर झालेलं असतं.

दुसरं, थर. फळी म्हणजे लाकूड किंवा फोम, त्यावर काचतंतूचे थर आणि खाली प्लॅस्टिकचा तळ. टोक आणि शेपटी बोटांनी दाबून उघडायचा प्रयत्न करा. थर सुटलेले असतील तर पाणी आत जातं, गोठतं आणि फट वाढवतं.

तिसरं, पोलादी कड. वरवरचा गंज घासून निघतो, त्याची भीती नाही. पण कड कुठे फळीपासून सुटली आहे का, तुटली आहे का, हे बोट न कापता, चिंधी फिरवून पाहा. चिंधी अडकली की तिथे थांबा.

चौथं, तळ. बारीक ओरखडे चालतात, ते प्लॅस्टिक वितळवून भरता येतात. आतलं लाकूड दिसत असेल तर नको.

पाचवं, जोडी. दोन्ही फळ्यांवरचा क्रमांक, लांबी आणि कमान सारखी आहे ना, पाहा. बाजारात दोन वेगळ्या जोड्यांची एक जोडी झालेली आम्ही पाहिली आहे.

आमच्या फळीचं बाइंडिंग आजोबांनी पुन्हा बसवलं. भोकं सुकवली, काडेपेटीच्या काड्यांचे गुल काढून त्या पाण्याने न सुटणाऱ्या डिंकात बुडवून भोकांत ठोकल्या, वाळल्यावर स्क्रू पिळले. नानांनी होडीच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकावी तसंच. फळी अजून टिकून आहे.

तळ गुळगुळीत की खवल्यांचा

काही स्कींच्या तळाला मधल्या भागात माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते. ती मागे सरकू देत नाही. नवख्यांसाठी हीच सोयीची. नक्षी झिजली आहे का हे नखाने खरवडून कळतं. गुळगुळीत तळाला मधल्या भागात मेण चोळावं लागतं आणि ते बर्फाच्या तापमानाप्रमाणे बदलतं. कोरड्या थंड बर्फाला साधारण निळं, शून्याच्या जवळ जांभळं. पातळ थर लावायचा, बुचाने घासायचा, गरज पडली तर दुसरा. मोठ्या चढासाठी तळाला अडकवायच्या पट्ट्या मिळतात. त्यांचे केस एका दिशेला झुकलेले असतात, पुढे घसरू देतात आणि मागे अडवतात. त्या नायलॉनच्या किंवा अंगोरा बोकडाच्या केसांच्या असतात.

घरातून काढलेल्या गरम फळ्या लगेच बर्फावर टाकू नका. तळाखाली बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि गोळे चिकटतात. थोडा वेळ बाहेर गार होऊ द्या.

पहिले काही दिवस

सपाट मैदानावर सुरुवात करा, तीही काठ्यांशिवाय. आधी नुसतं चालायचं, मग एकेका पायावर तोल सांभाळत घसरायचं. चढ आला की फळ्यांची टोकं बाहेर फाकवून माशाच्या काट्यासारखी पावलं टाकायची, किंवा आडवं उभं राहून एकेक पाऊल वर. उतारावर टोकं आत, शेपट्या बाहेर आणि कडांवर वजन. वेग कमी होतो. पडायची वेळ आली तर बाजूला बसल्यासारखं पडावं. उठताना फळ्या उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला घ्याव्यात, नाही तर उठता उठता पुन्हा घसरगुंडी. काठ्या साधारण काखेपर्यंत येणाऱ्या, खाली मोठी चकती असलेल्या हव्यात. लहान चकती मऊ बर्फात आत जाते.

पहिल्या महिन्यात आम्ही चौघे मिळून किती वेळा पडलो त्याचा हिशेब धाकटीने ठेवला होता. सगळ्यात जास्त वेळा अब्बा.

वेळ, हवामान आणि परत फिरणं

ऑस्लोत डिसेंबरमध्ये दुपारी सव्वाबाराच्या सुमारास झुहरची वेळ होते आणि सव्वातीनच्या आसपास मगरिब येते. तीन नमाजा तीन तासांत. त्यामुळे आम्ही सकाळीच निघतो, वुजू घरून करून, थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन. नमाजेच्या वेळा कागदावर लिहून खिशात असतात. त्याच कागदावर परत फिरायची वेळ लिहायची आम्हाला सवय लागली. ती वेळ झाली की कुठेही असलो तरी मागे वळायचं.

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम ठरवलेले आहेत, लहान मुलांनाही ते माहीत असतात. त्यातला आठवा नियम असा की वेळीच परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही. शाळेतून थोरला तो घरी घेऊन आला आणि जेवताना अब्बांकडे पाहत म्हणून दाखवला.

सोबत काय असावं? लोकरीचे जास्तीचे कपडे, वारा अडवणारं जाकीट, डोक्याचा दिवा, कागदी नकाशा, खाणं, अंगाजवळच्या खिशात ठेवलेला मोबाइल, आणि दुरुस्तीसाठी स्क्रू ड्रायव्हर, चार स्क्रू, चिकटपट्टी, थोडी तार. आमच्या त्या शनिवारी यांतलं जवळजवळ काहीच नव्हतं. कुठे जातो आणि कधी परतणार, हे घरी सांगून जावं. तीस अंशांहून उभ्या उतारांवर आणि त्यांच्या पायथ्याशीही नवख्यांनी जाऊ नये. हिमस्खलनाचा धोका तिथेच असतो. डोंगरी स्की हातात आली म्हणून डोंगरावर जायची परवानगी मिळाली असं नाही. पहिला हिवाळा आम्ही तयार वाटांवर आणि त्यांच्या आसपासच काढला.

मागच्या वर्षी शाळेच्या स्कीच्या दिवशी थोरला फळ्या खांद्यावर टाकून गेला. संध्याकाळी आला तो नाक लाल आणि पँट भिजलेली. विशेष काही बोलला नाही. फक्त म्हणाला, “भूक लागलीय.” आम्हाला तेवढं पुरे होतं.

या शरदात त्याला ती जोडी अपुरी पडली. त्याच सभागृहात आम्ही या वेळी मेजाच्या पलीकडे उभे होतो. फळ्यांना दोरीने एक चिठ्ठी बांधली: ‘उजवं बाइंडिंग एकदा उपटलं होतं, काड्या आणि डिंक भरून पुन्हा बसवलं आहे. एक हिवाळा टिकलं आहे. तळाला दोन ओरखडे.’ थोरला म्हणाला, “असं लिहिल्यावर कोण घेणार?” आम्ही म्हटलं, मालातला दोष सांगून विकायचा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे, न खपली तर घरी नेऊ.

दुपारी एक बाई आल्या, सोबत मुलगा. त्याही आमच्यासारख्याच बाहेरून आलेल्या. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग विचारलं, “हे घट्ट आहे की नाही, कसं बघायचं?”

थोरल्याने फळी मेजावर आडवी ठेवली, बाइंडिंग दोन्ही हातांनी धरलं आणि त्या मुलाला म्हणाला, “असं. जोर लाव.”